नारायण वामन टिळक : मराठी मातीतील ख्रिस्तभक्ती

प्रस्तावना

‘फुलांमुलांचे कवी’ हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे बिरुद आपण शालेय वयातच ऐकलेले आहे. त्यांची एखाददुसरी कविताही आपणास पाठ असेल. त्यांच्या कवितेचा सविस्तर विचार आपण पुढील घटकात करणार आहोत. प्रस्तुत घटकात त्यांचे चरित्र पाहावयाचे आहे. हे चरित्र मराठीच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे याला कारण आहे. धर्म बदलला की भाषा, पोशाख, आप्तेष्ट, सण आणि गाणे हेही बदलावे लागते काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात अतिशय तीव्रतेने उभा राहिला होता. ज्यांनी धर्मांतर केले त्यांना तो जसा छळत होता, तसाच ज्यांनी त्यांना वाळीत टाकले त्यांनाही छळत होता. टिळकांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला नाही. ते त्या प्रश्नासह चोवीस वर्षे जगले आणि भजने लिहीत राहिले.

टिळकांपूर्वीची पार्श्वभूमी

ख्रिस्ती धर्म आणि मराठी भाषा यांचा संबंध इंग्रजी राजवटीपासून सुरू झाला, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ताची कथा आपल्या पुराणांच्या धाटणीने सांगितलेली आहे. परक्या देशातून आलेल्या माणसाने येथील श्रोत्याचा कान ओळखला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात आपली कथा बसवली. मराठी वाङ्मयेतिहासात या ग्रंथाला मानाचे स्थान आहे ते यामुळेच.

दोन शतकांनंतर आलेल्या मिशनऱ्यांची वाट काहीशी वेगळी होती. विल्यम कॅरीच्या प्रयत्नाने १८११ मध्ये श्रीरामपूर येथे मराठी नवा करार छापला गेला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. शाळा, छापखाना, कोश, व्याकरण या क्षेत्रांत या मंडळींनी केलेले काम मराठी गद्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. तथापि त्यांच्या प्रार्थनामंदिरात गायली जाणारी गीते बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि चालीही तिकडच्याच असत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या बोलण्यात, वागण्यात आणि कित्येकदा पेहरावातही एक परकेपणा येत असे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो धर्म बदललेला माणूस राहत नसे. तो साहेबाचा माणूस होत असे.

येथे आपल्या जिल्ह्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जालना हे त्या काळी निजामाच्या राज्यातील इंग्रजी छावणीचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी येथे फ्री चर्चचे काम उभे केले. शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच मार्गावर असताना वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलाचा ताबा मिळवला. मिशनरींच्या घरी जेवलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे काय, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा कोणाचा, या प्रश्नावर सारा समाज दुभंगलेला आपल्याला दिसतो.

याच नारायण शेषाद्रींनी पुढे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. तेथे राहावयास आलेली कुटुंबे मुख्यतः मांग आणि महार समाजातील होती. वेगळे गाव, वेगळी शाळा, वेगळे प्रार्थनामंदिर ही कल्पना आज आपणास अलगपणाची वाटेल. परंतु ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्यासाठी गाव सोडणे ही सुटका होती, हे विसरता कामा नये. मराठी संस्कृतीशी नाते जपा, असा उपदेश या माणसांना करणे सोपे नव्हते, कारण त्या संस्कृतीने त्यांना वेशीबाहेर ठेवले होते. टिळकांच्या चरित्राकडे वळताना बेथेलची ही वसाहत मनात असू द्यावी. दोघेही नारायण, दोघेही ब्राह्मण कुळातून आलेले, दोघांचीही श्रद्धा एकच. पण एकाने ख्रिस्ती माणसासाठी गाव उभारले आणि दुसऱ्याने गाणे.

बालपण आणि भ्रमंती

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव स्वभावाने कठोर होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. मुलाला पद्याचा नाद आईकडूनच लागला. ती लवकर निवर्तली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. या घटनेचे सावट त्यांच्या साऱ्या आयुष्यावर आहे, असे मला वाटते. देवाला आईच्या रूपात पाहणारी त्यांची पुढील काळातील रचना वाचताना पोरका झालेला हा मुलगा आठवल्याशिवाय राहत नाही.

नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतले शिक्षण अपुरेच राहिले. स्मरणशक्ती विलक्षण, वक्तृत्व ओघवते आणि स्वभाव कमालीचा अस्थिर. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू त्या वेळी अकरा-बारा वर्षांची होती. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ पराकोटीचे होते. वडिलांच्या शुद्धतेच्या कल्पनांपुढे घरातील मीठ-साखरही धुण्यातून सुटत नसे, असे तिने पुढे मोठ्या विनोदाने लिहून ठेवले आहे.

विवाहानंतरची काही वर्षे टिळक कोठेही स्थिर झाले नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, कधी छापखान्यातील नोकर. ‘ऋषि’ नावाचे एक मासिकही त्यांनी काही काळ चालवले. नागपुरात आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. हातातले पैसे दुसऱ्याला देऊन टाकणे, कोणालाही न सांगता घरातून निघून जाणे, रागाच्या भरात नोकरी सोडणे हे नित्याचेच. या साऱ्या धावपळीत एक शोध मात्र चालू होता. जातिभेद न मानणारा, देशाला एकत्र बांधणारा असा धर्म हिंदुस्थानाला हवा, ही त्यांची धारणा पक्की होत चालली होती. त्यासाठी स्वतःच एक नवा पंथ स्थापावा, इथपर्यंतही त्यांचा विचार गेला होता. म्हणजे ख्रिस्ताकडे वळण्यापूर्वीच देशप्रेम आणि समतेची आस या दोन गोष्टी त्यांच्या ठिकाणी होत्या, हे ध्यानात घ्यावे.

राजनांदगावचा प्रवास

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संभाषण सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. एरवी अशा आख्यायिकांवर चरित्रकाराने फारसा विसंबू नये. पण ही हकीकत स्वतः टिळकांनीच सांगितलेली आहे, आणि त्या गृहस्थाने संस्कृत काव्यापासून सुरुवात केली हा तिच्यातला तपशील मला त्या भाकितापेक्षा महत्त्वाचा वाटतो. समोरच्या माणसाला जे प्रिय आहे त्याविषयी आदर दाखवून बोलणारा प्रवासी त्यांना भेटला. वादाला आलेला मिशनरी भेटला असता तर टिळकांसारखा वादपटू शास्त्री त्याला सहज निरुत्तर करून मोकळा झाला असता.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जखडून ठेवले. ‘ज्ञानोदय’शी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी संबंध आला. हे अ‍ॅबट पुढे महिपतीच्या ‘भक्तिविजया’चे आणि इतर संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध झाले. मिशनरी संतवाङ्मयाकडे वळला आणि कीर्तनकार शुभवर्तमानाकडे. त्यांच्या मैत्रीची ही गंमत नमूद करण्यासारखी आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याच्या हस्ते घेण्याऐवजी रेव्हरंड तुकाराम नाथोजी या मराठी उपदेशकाच्या हस्ते घेतला. टिळकांनी पुढे ज्या दिशेने काम केले तिची खूण या पहिल्याच पावलात दिसते.

लक्ष्मीबाई

या निर्णयाची किंमत सर्वांत जास्त कोणी मोजली असेल तर ती लक्ष्मीबाईंनी. पती ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहान मुलगा दत्तू. पती जिवंत असून नसल्यासारखा. सुमारे साडेचार वर्षे त्यांनी नातेवाइकांकडे, नाशिक-पंढरपूर अशा ठिकाणी काढली. टिळक पत्रे पाठवीत, त्या पत्रांतून कविता पाठवीत. पत्नीने ख्रिस्ती व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि दुसरा विवाह करण्याचा विचारही मनात आणला नाही.

चरित्र लिहिणारे पुष्कळ जण या प्रसंगावरून लवकर पुढे जातात. तसे करणे योग्य नाही. प्रेमाच्या धर्मासाठी घर सोडणाऱ्या माणसाने आपल्या पत्नीला विश्वासात घेतले नव्हते, हे वास्तव आहे. त्या काळच्या पुरुषाला त्याची गरजही वाटली नसती, असे म्हणता येईल, परंतु टिळक स्त्रीशिक्षणाचे आणि समतेचे पुरस्कर्ते होते, म्हणून ही विसंगती अधिक बोचते. तिच्यावर पडदा टाकण्याचे काम स्वतः लक्ष्मीबाईंनीही केलेले नाही. त्यांनी सारे काही हसतहसत सांगितले आहे.

अखेरीस त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, त्याही आपला स्वयंपाक आणि सोवळे वेगळे ठेवून. त्यांचा बदल उपदेशाने झाला नाही. जातीने उच्चनीच ठरवणे हे देवाचे काम नसून माणसाचे आहे, हा विचार त्यांच्या मनात आपोआप उमलला आणि एके दिवशी त्यांनी सोवळे सोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाण्याच्या एका घोटासाठी कावऱ्याबावऱ्या होणाऱ्या त्या बाईच्या घरात पुढे कोणत्याही जातीची निराधार मुले मायेने वाढली. मनुष्याला त्याच्या गतीने बदलू द्यावे, वाट पाहावी, हे शहाणपण टिळकांना या साडेचार वर्षांनी शिकवले असावे. त्यांच्या पुढील कार्यात उतावळेपणा पुष्कळ आहे, पण श्रद्धेच्या बाबतीत कोणावर जुलूम नाही.

भजनांची भाषा

अहमदनगरला टिळक ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही काळ राहुरी येथे त्यांचे वास्तव्य होते. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते. रविवारी ते जी गीते गात ती त्यांच्या जिभेवर बसत नव्हती. असे का होत असे, हे समजून घेण्यासाठी थोडा भाषाशास्त्रीय विचार करू.

इंग्रजी पद्यरचना आघातावर चालते. ज्या अक्षरावर आघात पडतो त्यावर चालीचा ठोका येतो. मराठीत आघाताला असे महत्त्व नाही. आपली वृत्ते ऱ्हस्व-दीर्घावर किंवा मात्रांवर चालतात आणि अभंग-ओवी हे छंद अक्षरसंख्येवर. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागते, दीर्घ अक्षर आखडावे लागते आणि शब्द मध्येच तुटतो. गाणारा गातो, पण शब्द ओळखू येत नाहीत. उलट मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाचे यमक जुळते आणि चौथा आखूड खंड टाळाच्या ठोक्यावर येऊन थांबतो. निरक्षर माणसालाही तो एकदा ऐकून पाठ होतो. (एखादा परिचित अभंग घेऊन त्याची अक्षरे मोजून पाहावीत. लिहिताना नव्हे, म्हणून पाहताना छंद कळतो.)

टिळकांनी हे ओळखले. त्यांच्या आधी अहमदनगरलाच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली होती, याची नोंद करणे उचित होईल. टिळक स्वतः कीर्तनकार होते, त्यामुळे तो वारसा त्यांनी सहज उचलला. अभंग, पदे, आरत्या, ओव्या या साऱ्या प्रकारांत त्यांनी शेकडो रचना केल्या. मराठी चर्चमध्ये प्रचलित असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. एकाच कवीचा एवढा मोठा वाटा असलेले उपासनेचे पुस्तक विरळाच.

छंदाइतकाच महत्त्वाचा आहे शब्दांचा प्रश्न. भाषांतराच्या मराठीने चर्चला एक स्वतंत्र परिभाषा दिली होती : तारण, मंडळी, शुभवर्तमान, बाप्तिस्मा. टिळकांनी ती टाकली नाही. तिच्या शेजारी त्यांनी वारकऱ्यांची भाषा आणून बसवली. ख्रिस्त गुरू झाला, सखा झाला, माउली झाला. देवाला आई म्हणणे पाश्चात्त्य उपासनेच्या भाषेत रुळलेले नव्हते. मराठी माणसाला मात्र विठ्ठलाला विठाई म्हणण्याची सवय शतकानुशतके आहे. टिळकांनी ही सवय ख्रिस्ताच्या चरणी नेली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत असत. पुलावरून पलीकडे गेलेला माणूस पूल पाडत नाही, ही त्यांची भूमिका त्यांच्या काही सहकाऱ्यांना पटत नव्हती. जुन्या देवतांच्या उपासनेचा वास ज्या छंदांना आणि वाद्यांना आहे ते पवित्र मंदिरात कशाला, अशी शंका घेणारे लोक होतेच.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, आणि तो बेथेलच्या वसाहतीपाशी आपल्याला परत नेतो. संस्कृत शिकलेल्या ब्राह्मण कवीने संतांची परंपरा ख्रिस्ती मंदिरात आणली, पण ज्यांना त्या परंपरेने मंदिराच्या पायरीवर थांबवले होते त्यांना ती का आपली वाटावी? आक्षेप बिनतोड नाही, पण खोटाही नाही. त्याचे एक उत्तर अभंगाच्या इतिहासातच आहे. अभंग हा छंद कोणा एका जातीची मालमत्ता कधीच नव्हता. चोखामेळा, सोयराबाई, कर्ममेळा यांनी त्याच छंदात देवाला जाब विचारलेला आहे. परंपरेने चोखोबांचे जन्मस्थान मानलेले मेहुणा राजा हे गाव जालन्यापासून फार दूर नाही. टिळकांची भजने खेड्यातील मंडळ्यांनी आपली म्हणून उचलली, एकतारी आणि टाळांवर गायली, ही गोष्टच या आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर टिळकांकडे नव्हते, असे माझे मत आहे. सांस्कृतिक नाते जोडल्याने विहिरीचा प्रश्न सुटत नाही.

‘ज्ञानोदय’ आणि साहित्यविश्व

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. चर्चबाहेरच्या वाचकालाही वाचावेसे वाटेल असे लेखन त्यांनी त्यात केले. मराठी साहित्यविश्वानेही त्यांना परके मानले नाही. धर्मांतरामुळे आप्त दुरावले, पण रसिक दुरावले नाहीत. निसर्ग, बालक, गृहजीवन आणि देश हे त्यांच्या कवितेचे विषय सर्वांचेच होते. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि त्यानंतर हा मुलगा काही काळ टिळकांच्याच घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात, ख्रिस्ती होण्याची कोणतीही अपेक्षा न ठेवता, मराठीतला एक श्रेष्ठ निसर्गकवी जोपासला गेला. संस्कृतीवर प्रेम करणे म्हणजे काय याचा इतका साधा दाखला मला दुसरा सापडत नाही.

त्यांच्या समकालीन पंडिता रमाबाईंचाही येथे विचार करावा. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवण्यास नकार दिला. रमाबाईंचा झगडा विवेकस्वातंत्र्याचा होता, टिळकांचा मुख्यतः भाषेचा आणि स्वदेशीपणाचा. दोघांचाही विदेशी मिशनविषयीचा अनुभव कृतज्ञता आणि कुचंबणा असा दुहेरी आहे.

देवाचा दरबार

ही कुचंबणा अखेरच्या पर्वात उघड झाली. मिशनच्या पगारावर राहून हिंदी चर्च स्वतंत्र होणार नाही, असे टिळकांचे मत बनत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. कल्पना धाडसी होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही तेथे प्रवेश होता, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. आप्तांना न तोडता, जात-गाव न सोडता ख्रिस्ताचे शिष्य होता येईल काय, याचा तो प्रयोग होता. सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी श्रीपत शेषाद्रीच्या निमित्ताने ज्या समाजाने एका मुलाची दोन्हीकडून ओढाताण केली, त्याच समाजात तिसरी वाट काढण्याची ही धडपड आहे.

साताऱ्याची निवडही अर्थपूर्ण आहे. जवळच सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी. आपल्या जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी मठांची साखळी उभारली होती. संन्यस्त कार्यकर्त्यांचा संप्रदाय उभारण्याची टिळकांची आकांक्षा त्या परिसराशी सुसंगतच होती.

चर्चमधील अनेकांना हा दरबार धोकादायक वाटला. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व म्हणजे चर्चचा पायाच काढून घेणे, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो समजण्यासारखा आहे. शिवाय व्यवहार हा टिळकांचा प्रांत कधीच नव्हता. संघटना बांधायला लागणारी चिकाटी त्यांच्यापाशी नव्हती आणि पुरेसे आयुष्यही उरलेले नव्हते. दोन वर्षांच्या आत ते आजारी पडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

त्यांच्या पश्चात दरबार विखुरला, मात्र विचार विखुरला नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ ही आश्रमपद्धतीची संस्था सुरू केली आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीवरून थोडी कुरबुर झाली, पण संमेलन पार पडले.

टिळकांनी आणखी एक मोठे काम आरंभले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’. स्टीफन्सच्या पुराणानंतर तीनशे वर्षांनी तोच संकल्प एका मराठी माणसाने केला. टिळकांच्या हातून त्याचे सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले. पुढचे बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेची पायरी न चढलेल्या, पतीच्या धर्मांतराने एकेकाळी उद्ध्वस्त झालेल्या या स्त्रीने आयुष्याची अखेरची वर्षे त्या ओव्यांवर घालवली. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि जे थोडे उरले होते ते त्यांचा मुलगा देवदत्त याने पुरे केले.